हॉलमधले भाडेकरू

शारजातल्या एका वन बेडरूम फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं राहायची. एक बेडरूममध्ये आणि एक हॉलमध्ये. हॉलमधलं कुटुंब आमचं.

हॉलसुद्धा पूर्ण आमचा नव्हता. बेडरूममधल्या लोकांना बाहेरच्या दारापासून आत जाता यावं म्हणून प्लायवूडचं पार्टिशन घालून एका बाजूने बोळ काढला होता. उरलेल्या जागेत आम्ही चौघं, म्हणजे आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. लोखंडी डबल डेकर पलंग होता, बाबांच्या कंपनीच्या कामगारांच्या कॅम्पातून जुना घेतलेला. वर मी, खाली आई आणि भाऊ, आणि बाबा जमिनीवर गादी टाकून. सकाळी गादी गुंडाळली की तीच आमची जेवायची जागा, तीच अभ्यासाची. स्वयंपाकघर दोन्ही कुटुंबांत एक. आईची वेळ पहाटे, आणि संध्याकाळी काकूंचं आटोपल्यावर. फ्रिजचे खालचे दोन कप्पे आमचे. भाजी उरली तर ती कुणाची, यावर कधी भांडण झालं नाही, कारण आई भाजी उरूच देत नसे.

काकू म्हणजे बेडरूममधल्या. डोंबिवलीच्या. काका दुबई मरीनातल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघायचे आणि रोज शारजाहून ट्रॅफिकमधून जायचे-यायचे. फ्लॅटचा करार काकांच्या नावावर. त्यांना भाडं एकट्याने झेपत नव्हतं म्हणून त्यांनी आम्हाला घेतलं, आणि आम्हाला दुसरं कुणी घेत नव्हतं म्हणून आम्ही गेलो. माणसं वाईट नव्हती. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे वाचताना तसं वाटू शकेल.

बाबा मूळचे कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणारे टर्नर. दहावी नापास. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका वर्कशॉपमध्ये पंपांचे शाफ्ट करून द्यायचे, आजही देतात. आई सातवी पास. आम्हाला बोलावून घेताना व्हिसासाठी कंपनीने पत्र दिलं होतं की कामगाराच्या कुटुंबाच्या राहण्याची सोय आहे. सोय कशी, कुठे, ते पत्रात नव्हतं.

आता कुणी विचारेल की स्वतःचं वेगळं घर का नाही घेतलं? छोटं, जुनं, कुठेतरी आतल्या गल्लीत? मलाही लहानपणी वाटायचं की पैसे कमी म्हणून. ते अर्धंच खरं. इथे घर भाड्याने घ्यायचं तर वर्षभराच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यावे लागतात. बाबांचा पगार कार्डावर जमा व्हायचा आणि तसल्या खात्याला बँक चेकबुक देत नव्हती. चेकबुक नाही म्हणजे करार नाही. करार नाही म्हणजे ज्याच्याकडे करार आहे त्याच्या हॉलमध्ये. बाबांसारखे हजारो लोक या शहरात असेच राहतात आणि कुठल्याही कागदावर ते त्या घरात राहत नाहीत.

त्यामुळे आमच्या घरात एक वाक्य पाठ करून घेतलेलं होतं. दारावर कुणी आलं, लिफ्टमध्ये कुणी विचारलं, नातूरने हटकलं, तर सांगायचं, आम्ही पाहुणे आहोत. नातूर म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन. आमचा नातूर पेशावरकडचा, वयस्कर, आणि त्याला सगळं माहीत होतं. एकदा माझ्या भावाला त्याने मुद्दाम विचारलं, "बेटा, तुम कौन से फ्लॅट में रहते हो?"

भाऊ शाळेत शिकवल्यासारखा म्हणाला, "We don't live here, uncle. We are guests."

"गेस्ट? जब से तू चलना सीखा तब से गेस्ट?" नातूर हसत सुटला. "माशाल्ला! ऐसा मेजबान अल्लाह सबको दे।"

भाऊ वर येऊन आईला म्हणाला, "He was laughing at us." आई म्हणाली, काय म्हणाला ते मराठीत सांग. त्याने सांगितलं. आई कुकर लावायला गेली. आईला ते वाक्य आवडत नसे. तिने स्वतः ते कधीच वापरलं नाही. कुणी विचारलं तर ती नुसती हसायची.

काकू दर संक्रांतीला हळदीकुंकू करायच्या. आई त्या दिवशी पार्टिशनचा आमच्या बाजूचा पसारा पलंगाखाली ढकलायची, भिंतीला चादर लावायची आणि दिवसभर काकूंच्या हाताखाली असायची. संध्याकाळी बायका आल्या की आई गुलाबदाणी घेऊन दाराशी. काकू ओळख करून द्यायच्या, "ह्या आमच्याकडे असतात." एका वर्षी कुणीतरी नवीन आलेली बाई आईला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमचा हात चांगला आहे हो कामाला. आणखी कुठे करता? माझ्याकडे सकाळचं जमेल का?"

आईने आम्हाला ते रात्री हसत हसत सांगितलं. बाबा हसले नाहीत.

पुढच्या वर्षी, मी बारावीत असताना, आई संक्रांतीच्या आधीच काकूंना म्हणाली, "ताई, या वर्षी हळदीकुंकू मी करतो. खर्च माझा, वाण माझं." आई कोल्हापूरकडच्या बायकांसारखी 'मी करतो, मी येतो' असंच बोलते, अजूनही.

काकू मोकळेपणाने म्हणाल्या, "करा की वहिनी. घर तुमचंच आहे."

मग आईने मला मोबाइलवर निरोप लिहायला बसवलं. मी लिहिलं, 'रविवारी हळदीकुंकू आहे, जरूर यावे.' आईने वाचायला लावलं.

"कुणाकडं ते लिही."

"फ्लॅट नंबर लिहिलाय."

"नुसता नंबर काय? 'आमच्या घरी' लिही."

मी 'आमच्या घरी' लिहिलं. ते शारजातल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर गेलं. पण आईचं तेवढ्यावर भागलं नाही. कोल्हापुरात हळदीकुंकवाचं बोलावणं करायचं म्हणजे करंडा हातात घेऊन गल्लीत फिरायचं आणि एकही घर चुकवायचं नाही. घर चुकलं तर ती बाई वर्षभर बोलत नाही. आईने बिल्डिंगलाच गल्ली धरलं. सातही मजले ती करंडा घेऊन चढली. केरळच्या नर्सबाई, तेलुगू कुटुंब, पंजाबी जोडपं, चौथ्या मजल्यावरची कराचीची बाई, सगळ्यांना तिच्या हिंदीत सांगून आली, "संडे को हमारे घर आना. कुंकू लेने का नहीं तो नहीं लेने का, पर आना."

आणि सगळ्या आल्या. इतक्या येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. मराठी बायका आपापल्या शेजारणींना घेऊन आल्या, शेजारणी पोरांना. पलंगावर बायका, खाली बायका, बोळात बायका, काकूंच्या बेडरूममध्ये बायका. कराचीच्या बाईने कुंकू लावलं नाही पण अत्तर लावून घेतलं आणि तीळगुळाची रेसिपी विचारली. वाण म्हणून आईने स्टीलच्या चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. गाळण्या संपल्या. मग काकूंनी स्वतःच्या कपाटातले प्लास्टिकचे डबे काढून दिले, ते मला आठवतं, आणि ते त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आई जरीच्या साडीत, हॉलच्या मधोमध. तिला मी तशी आधी पाहिली नव्हती. "बसा की, एवढ्यात काय निघाला," असं ती लोकांना म्हणत होती. घरमालकीण म्हणते तसं.

बाहेर चपला. आमच्या दारापासून लिफ्टपर्यंत आणि लिफ्टच्या पलीकडे जिन्यापर्यंत. सँडल, लहान मुलांचे बूट, दोन बाबागाड्या. मराठी माणूस कुणाच्या घरात जाताना चपला बाहेर काढतो, यात आम्हाला काही वेगळं वाटलं नाही. पण त्या कॉरिडॉरमधून जाणाऱ्याला काय दिसलं असेल, हे नंतर कळलं.

बिल्डिंगचा कारभार बघणाऱ्या कंपनीचा एक नवीन सुपरवायझर त्या संध्याकाळी गच्चीवरचा पाण्याचा पंप बघायला आला होता. तरुण मुलगा, लखनौकडचा. खाली उतरताना त्याला त्या चपला दिसल्या. त्या सुमारास एका-एका फ्लॅटमध्ये भरलेल्या माणसांवर सगळीकडे तपासणी चालू होती आणि त्याच्या साहेबांनी त्याला तेच काम दिलं होतं. त्याने बेल वाजवली. दार काकूंनी उघडलं.

"मॅडम, इस फ्लॅट में कितने लोग रहते हैं?"

काकू घाबरल्या. घाबरल्यावर माणूस पाठ केलेलं बोलतो. "गेस्ट हैं. सब गेस्ट हैं."

त्या दिवशी ते अगदी खरं होतं. तो म्हणाला, "मॅडम, यहाँ सब यही बोलते हैं."

मागून आई आली. दारात माणूस उभा म्हटल्यावर तिने त्याच्या हातावर तीळगूळ ठेवला आणि म्हणाली, "गोड बोला." त्याने तो खाल्ला, "शुक्रिया आंटी" म्हणाला, आणि मोबाइल काढून चपलांचा, पार्टिशनचा आणि डबल डेकर पलंगाचा फोटो काढला.

चार-पाच दिवसांनी तो परत आला, बरोबर त्याचे साहेब. या वेळी चपला नव्हत्या पण पलंग होता, गादी होती, आमचे युनिफॉर्म वाळत होते. लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. साहेबांनी काकांना सांगितलं की करार एका कुटुंबाचा आहे, पार्टिशन बेकायदा आहे, दुसरं कुटुंब हलवा नाहीतर पूर्ण फ्लॅट रिकामा करा. बलदियाला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला कळवलं तर दंडही होईल.

त्या संध्याकाळी काका-काकू आमच्या बाजूला आले. पहिल्यांदाच आमच्या पलंगावर बसले. काका जमिनीकडे बघत होते.

काकू म्हणाल्या, "वहिनी, मी काय करू सांगा. करार यांच्या नावावर आहे. उद्या केस झाली तर यांची नोकरी..."

"ताई, मी कुठं काय म्हणतो," आई म्हणाली.

"तुम्हीच एवढ्या बायका बोलावल्या. मी म्हटलं होतं दहा-बारा बोलवा."

"न्हाई, तुम्ही म्हणाला होता घर तुमचंच आहे."

काका म्हणाले, "हे बघा, त्यात कुणाची चूक नाही. पोरगी बारावीला आहे, मी त्यांच्याशी बोलतो. परीक्षेपर्यंत थांबू देतील." बाबा म्हणाले, "परीक्षेपर्यंत मिळालं तर उपकार होतील." मला त्या 'उपकार' शब्दाचा राग आला होता. अजून येतो.

परीक्षेपर्यंत मुदत मिळाली. अट एकच, पार्टिशन लगेच काढायचं. बाबांनी शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच ते स्क्रू काढून खोललं, फळ्या नीट एकावर एक रचल्या आणि खाली नेऊन ठेवल्या. भिंत गेल्यावर उजेड थेट बोळापर्यंत आला. काकू बेडरूमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं बाई! आपला हॉल एवढा मोठा होता?"

आईने झाडू घेतला आणि पार्टिशनच्या खालची जुनी धूळ काढायला लागली.

मी त्या उघड्या हॉलमध्ये अभ्यास केला. काकूंनी महिनाभर टीव्ही लावला नाही. परीक्षा संपल्या आणि आम्ही गेलो. बाबा औद्योगिक क्षेत्रातल्या कॅम्पात, एका खोलीत आठ माणसं. तिथे कुणी फोटो काढायला आलं नाही. आई, भाऊ आणि मी कोल्हापूरला, मामाच्या घरच्या वरच्या खोलीत.

आता मी मोठी झाल्यावर, नोकरी करताना, या गोष्टीचा शांतपणे विचार केलेला आहे. नियम चुकीचा नव्हता. एकच दार, मध्ये प्लायवूड, आत गॅस, आणि झोपलेली पोरं. आग लागली असती तर आम्ही बाहेर पडलो नसतो. असला नियम कुठल्याही मोठ्या शहराने करायलाच हवा. पण नियम करणाऱ्याने फक्त किती माणसं आत आहेत एवढंच विचारलं. ती आत का आहेत आणि बाहेर काढल्यावर कुठे जातील, हे विचारणं कुणाचं काम नव्हतं. सुपरवायझरचं नव्हतं, काकांचं नव्हतं. ज्याला बँक चेकबुक देत नाही त्याने कायदेशीर घर घ्यायचं कसं, याचं उत्तर आजही मला कुणी दिलेलं नाही.

कोल्हापूरला मी बी.कॉम. केलं. मामा चांगला होता, मामीही, पण वर्ष सरलं की मामी आडून विचारायची, "दाजी कधी बोलावणार म्हणायचे?" आई म्हणायची, "बघू." तिने मला एकदाच सांगितलं, "तू शीक. मला काही नको. एक घर पाहिजे, जिथं कुणी आपल्याला जा म्हणणार नाही." भाड्याचं का होईना, असंही म्हणाली. स्वतःचं घर वगैरे तिच्या डोक्यात नव्हतंच.

आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पदवी मिळवणारी मी पहिली. हे मी कुणीही विचारलं तरी सांगते आणि न विचारताही सांगते. निकाल लागला तेव्हा बाबांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी फोन कॅम्पातल्या खोलीत सगळ्यांसमोर फिरवला. एक मल्याळी वेल्डर फोनमध्ये डोकं घालून म्हणाला, "डिग्री? फुल डिग्री?" बाबा म्हणाले, "फुल! फर्स्ट क्लास!" खोलीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांच्या मागे मला वाळत घातलेले डांगरीचे कपडे दिसत होते.

मग मी शारजाला परत आले, व्हिजिट व्हिसावर, आणि पुष्कळ ठिकाणी मुलाखती देऊन हमरिया फ्री झोनमधल्या एका ट्रेडिंग कंपनीत लागले. माझं काम मालाची कागदपत्रं तयार करायचं आणि करार वाचायचं. राहायला बायकांच्या खोलीत एक बेड. ओव्हरटाइम मिळेल तेवढा घेतला. प्रोबेशन संपलं, पगार वाढला, आणि बँकेने मला चेकबुक दिलं. पदवीचं सर्टिफिकेट मी फाइलमध्ये ठेवलं होतं. चेकबुक मात्र बाबांना दाखवायला कॅम्पावर घेऊन गेले.

बाबांनी हात पुसून ते घेतलं, एक-एक पान उलटलं. "यावर नुसती सही करायची?"

"तारीख घालून."

"आणि ते घर देतात?"

"देतात."

"मग काय अवघड होतं एवढं," बाबा म्हणाले आणि चेकबुक परत दिलं.

घर बघितलं. जुनी बिल्डिंग, वन बेडरूम, हॉल, बंद होणारी बाल्कनी. एजंटने वर्षाचं भाडं सांगितलं, अडतीस हजार दिरहम. फोनवर आईने लगेच हिशेब केला, "म्हणजे साडेआठ लाख! देवा, एवढ्यात इथं..." आणि वाक्य पूर्ण न करता म्हणाली, "घे. बाल्कनी कुठल्या दिशेला आहे?"

करार करताना मी एजंटला सांगितलं, दोन नावं हवीत, माझं आणि बाबांचं.

"मॅडम, चेक आपके हैं, एक नाम काफी है."

"दोनों का लिखिए."

"क्यों फालतू में पेपर बढ़ाना?"

"क्योंकि दोनों यहाँ रहेंगे. और मेरी माँ और भाई भी, वो भी लिखिए. चार लोग. सबका नाम."

त्याने खांदे उडवले आणि लिहिलं. बाबांची सही वाकडीतिकडी आली, त्यांना परत करायची होती, एजंट म्हणाला चालेल. त्या करारावर बाबांनी आईचा आणि भावाचा व्हिसा काढला, आणि आई परत आली. पहिला आठवडा ती हॉलमध्येच झोपली. बेडरूममध्ये झोप लागत नाही म्हणाली. मग एक दिवस स्वतःच उठून बेडरूममध्ये गेली आणि आमचं सामान बाहेर काढलं. "तुम्ही दोघं पोरं हॉलमध्ये. आम्ही म्हातारे आत."

पहिलं वर्ष संपत आलं. एका दुपारी मी ऑफिसात असताना एजंटचा मेसेज आला. बिल्डिंग विकली गेली आहे, नवीन मालकाला भाडं वाढवून हवं आहे, बरंच वाढवून. जमत नसेल तर महिनाभरात घर रिकामं करा.

मी घरी गेले तर आईने कपाटावरच्या बॅगा खाली काढल्या होत्या. मेसेज बाबांनाही आला होता आणि बाबांनी तिला सांगितलं होतं. ती साड्यांच्या घड्या घालत होती. रडत वगैरे नव्हती. सवय असल्यासारखी भरत होती.

"आई, हे काय करतेस?"

"त्यांनी जा म्हटलंय."

"म्हटलं म्हणजे जायचं नसतं."

"बाई, त्यांचं घर आहे. मागच्या टायमाला काय झालं ते बघितलंस न्हवं?"

"मागच्या वेळी आपलं नाव नव्हतं. आता आहे."

बाबा म्हणाले, "जाऊ दे पोरी. भांडण कशाला. आपण परक्या मुलुखात. उद्या व्हिसाचं काही झालं म्हणजे?"

ही भीती फक्त बाबांची नाही. इथे वर्षानुवर्षं राहिलेल्या शिकलेल्या माणसांनाही ती असते. घर, नोकरी आणि व्हिसा एकाच दोरीला बांधलेले आहेत असं सगळ्यांना वाटतं, त्यामुळे कुणी कुठलीच गाठ ओढून बघत नाही. आमच्याच बिल्डिंगमधल्या तीन कुटुंबांनी त्या आठवड्यात वाढीव भाडं कबूल केलं होतं.

मी कायदा वाचला. इंग्रजीत मिळाला, एवढा काही अवघड नव्हता. शारजात करार झाल्यापासून पहिली तीन वर्षं मालकाला भाडं वाढवता येत नाही, आणि भाडेकरू भाडं वेळेवर भरत असेल तर मनाला आलं म्हणून बाहेरही काढता येत नाही. मालक बदलला तरी करार तोच राहतो. मी दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बलदियाच्या भाड्याच्या तक्रारींच्या काउंटरवर गेले. काउंटरवरच्या अमिराती मुलीने माझा करार चाळला आणि विचारलं, "Paying on time?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "Then why are you worried?" मी तिला म्हटलं, मी नाही, माझी आई. ती हसली आणि तक्रार कशी करायची ते सांगितलं.

तक्रार करण्याआधी एकदा एजंटशी बोलावं म्हणून मी बाबांना घेऊन त्याच्या ऑफिसात गेले. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, टोपी मांडीवर.

एजंट म्हणाला, "मॅडम, मार्केट देखिए. इस एरिया में अभी कोई इतने में नहीं देता."

"मार्केट पता है. कानून भी पता है. तीन साल."

"वो सब पेपर में होता है."

"हाँ, मेरे पास पेपर ही है."

तो बाबांकडे वळला. "अंकल, आप समझाओ बेटी को. मालिक गुस्सा करेगा, खाली करवा देगा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ते म्हणतील, जाऊ दे. ते म्हणाले, "इसको बोलो. पढ़ी-लिखी ये है."

मी एजंटला सांगितलं, घर रिकामं करायला सांगताय तर कारणासकट कंपनीच्या लेटरहेडवर द्या. मोबाइलवरचा मेसेज मी मानत नाही. तो म्हणाला, उद्या देतो. उद्या दिलं नाही, परवाही दिलं नाही. मी तक्रार दाखल केली. शिकले नसते तर हे केलं असतं का? नसतं केलं. माझ्या आईबाबांची अक्कल माझ्यापेक्षा कमी नाही, पण त्यांनी बॅग भरली आणि मी तक्रार भरली, एवढा फरक शिक्षणाने पडला. लोक म्हणतात शिक्षणाचा गर्व करू नये. मी करते.

ते दिवस घरात शांत गेले नाहीत. आईने बॅगा वर ठेवल्या नाहीत. अर्ध्या भरलेल्या तशाच भिंतीशी उभ्या. स्वयंपाक करताना मध्येच विचारायची, "आला का फोन?" भाऊ तिला म्हणायचा, "Aai, relax, they can't touch us." ती त्याला म्हणायची, "तू गप. तुला काय माहीत." त्याला हॉलमधलं सगळं आठवत होतं, पण त्याने ते तिला सांगितलं नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी एजंटचा फोन आला. आवाज एकदम गोड. "मॅडम, खलास. मालिक से बात हो गई. वही रेंट. केस वापस ले लो, यल्ला, चेक लेके आ जाओ."

"पहले नया कॉन्ट्रॅक्ट भेजिए. मैं पढ़ूँगी, फिर चेक. केस उसके बाद वापस."

"इतना शक?"

"शक नहीं. आदत."

करार आला. मी सगळा वाचला. एका कलमात देखभालीचा नवीन खर्च घुसवला होता, तो काढायला लावला. मग बाबा आणि मी जाऊन सह्या करून आलो. या वेळी बाबांची सही सरळ आली.

खालच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने मला नंतर विचारलं की तुम्ही कसं केलं. मी सगळं सांगितलं, काउंटर कुठे आहे तेही. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, आणि वाढीव भाडंच भरलं. त्याला माझा इलाज नाही.

तीन वर्षं पूर्ण झाली की मालक भाडं वाढवू शकतो, आणि वाढवेल. तेव्हा जे कायद्यात बसेल तेवढं देऊ. आईला हे मी आधीच सांगून ठेवलं आहे आणि तिने मान हलवली आहे.

दुसऱ्या वर्षाचा करार त्याच भाड्यावर झाला, त्याला बलदियाचा शिक्का मिळाला, आणि त्यानंतर तिसऱ्या वर्षाचाही झाला. आईने बॅगा रिकाम्या केल्या. अडीअडचणीला म्हणून राखून ठेवलेला कॅम्पातला बेड बाबांनी आता कायमचा सोडला आहे. शारजात आमचं एक भाड्याचं घर आहे, त्याच्या करारावर आम्हा चौघांची नावं आहेत आणि आम्ही चौघं तिथे राहतो.